वाचकांचे प्रश्न : बरनचे दगड आणि त्यांची नावे

गेल्या अंकात आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळील क्लेअर काउंटीतल्या ‘बरन’ या चुनखडकाच्या प्रदेशावर एक लेख प्रसिद्ध झाला. तेथील पुराणवास्तू, पडके वाडे आणि ओस पडलेले मठ यांविषयी त्यानंतर बरीच पत्रे आली. त्यांतील काही प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे. मी त्या भागात दोन उन्हाळे आणि एक हिवाळा काढला आहे, तेथील वडीलधाऱ्यांशी बोललो आहे, आणि ज्या दगडांविषयी लिहितो आहे त्यांतील बहुतेक जवळून पाहिले आहेत. ‘बरन’ हा मूळ आयरिश शब्द असून त्याचा अर्थ खडकाळ जागा असाच आहे, हे आरंभीच सांगून ठेवतो. कारण पुढच्या अनेक उत्तरांत वास्तूइतकाच तिच्या नावाचाही विचार करावा लागणार आहे.

प्रश्न : लेखात पोलनाब्रोन येथील दगडी थडग्याचे छायाचित्र होते. इतरत्र या नावाचा अर्थ ‘दुःखाचा खड्डा’ असा वाचला. हा अर्थ बरोबर आहे का? आणि तेथे खरोखर कोणाला पुरले होते? (एक वाचक, नाशिक)

हा अर्थ पर्यटकांना आवडतो, म्हणून तो फार पसरला आहे. पण तो चुकीचा आहे. आयरिश भाषेत हाताने फिरवायच्या जात्याला ‘ब्रो’ म्हणतात, आणि अनेकवचनी षष्ठीत त्याचे रूप ‘ब्रोन’ होते. त्याच भाषेत ‘ब्रोन’ हा दुःख या अर्थाचा स्वतंत्र शब्दही आहे. ऐकताना दोन्ही सारखेच वाटतात. शेकडो माणसांच्या अस्थी सांभाळणाऱ्या जागेला ‘जात्यांचा खड्डा’ म्हणण्यापेक्षा ‘दुःखाचा खड्डा’ म्हणणे परक्या माणसाला अधिक साजेसे वाटले असावे, असे प्रथमदर्शनी कोणीही म्हणेल. परंतु तेथे शेकडो माणसे नव्हतीच, आणि नावातले दळायचे जातेही अगदीच अनाठायी नाही.

हे थडगे नवाश्मयुगातले आहे. दोन उंच दगडांच्या दाराशी टेकलेली सुमारे १२ फूट लांबीची, तिरकी आणि पातळ छतशिला दुरून पाहिली की एखादा पक्षी उडण्याच्या बेतात असल्यासारखा भास होतो. १९८५ मध्ये दारातील पूर्वेकडच्या शिळेला तडा गेल्याचे लक्षात आले. ती शिळा बदलावी लागली, आणि त्या निमित्ताने १९८६ व १९८८ मध्ये ॲन लिंच यांच्या देखरेखीखाली उत्खनन झाले. म्हणजे आज आपण जे पाहतो त्यातला एक उभा दगड मूळचा नाही. आत तीसहून थोड्या अधिक माणसांच्या, स्त्री-पुरुष आणि मुले अशा सर्वांच्या, अस्थी मिळाल्या. त्या एका वेळी ठेवलेल्या नव्हत्या, इ.स.पू. ३८०० ते ३२०० अशा सुमारे सहाशे वर्षांत त्या टप्प्याटप्प्याने आत आल्या. सांगाडे सलग नव्हते, हाडे सुटी होऊन चुनखडकाच्या भेगांत पडलेली होती. बहुतेक प्रौढ तिशीच्या आतच गेले होते. चाळिशी ओलांडलेला एखादाच. खांद्यांच्या आणि मानेच्या सांध्यांवर ओझी वाहिल्याच्या खुणा होत्या, आणि दगडावर दळलेले धान्य खाल्ल्याने दात झिजलेले होते. एकाच्या कमरेच्या हाडात दगडी बाणाचे टोक रुतून मोडलेले होते.

या उत्खननातील अस्थींचा जनुकीय अभ्यास पुढे झाला आणि २०२० मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांतली एक गोष्ट मला विसरता येत नाही. येथे पुरलेल्या एका तान्ह्या मुलाला डाउन सिंड्रोम होता. सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचे ते बाळ आईच्या दुधावर वाढत होते आणि मृत्यूनंतर त्याला गावाच्या मानाच्या थडग्यात जागा मिळाली. ज्या समाजात निम्मी माणसे तरुणपणीच जात, त्या समाजाने त्या बाळाची केलेली ही काळजी आहे; तिच्यापुढे ‘दुःखाचा खड्डा’ हे नाव फार वरवरचे वाटते.

जाता जाता सांगतो : आयर्लंडमधल्या अशा अनेक थडग्यांना गावकरी ‘डियरमिड आणि ग्रानिया यांचे अंथरूण’ म्हणत. पळून निघालेल्या त्या कथेतल्या जोडप्याने रोज रात्री नव्या ठिकाणी मुक्काम केला, आणि त्याची ही अंथरुणे. आपल्याकडे प्रत्येक जुने लेणे पांडवांनी एका रात्रीत कोरलेले असते, त्याचीच ही आठवण.

प्रश्न : ‘माणसाला बुडवायला पाणी नाही, फाशी द्यायला झाड नाही, पुरायला माती नाही’ असे बरनचे वर्णन एका इंग्रज सेनापतीने केल्याचे वाचले. हा प्रसंग काय आहे? (एक वाचक, कोल्हापूर)

हा सेनापती म्हणजे एडमंड लडलो. आयर्लंडवर चालून आलेला इंग्रज सेनानी क्रॉमवेल याच्या सैन्याबरोबर तो १६५१ मध्ये या भागात उतरला होता, आणि हे वाक्य त्याच्या आठवणींत आहे. वाक्य प्रसिद्ध झाले, पण अर्धेच. पुढच्याच ओळीत लडलो सांगतो की, असे असूनही येथली गुरे चांगली धष्टपुष्ट आहेत, कारण चुनखडकांच्या मधल्या दोन-तीन फुटांच्या तुकड्यांत उगवणारे गवत अतिशय गोड आणि पौष्टिक आहे. मारण्याच्या तीन साधनांचा हिशेब करणाऱ्या माणसालाही गवत दिसले, हे मला महत्त्वाचे वाटते. आजही बरनचे शेतकरी जगाच्या उलट वागतात : हिवाळ्यात गुरे डोंगरावर चढवतात आणि उन्हाळ्यात खाली आणतात. खडक दिवसभराची ऊब धरून ठेवतो, पायाखाली चिखल होत नाही, आणि हिवाळ्यात जून गवत चरले गेल्यामुळे वसंतात निळ्या जेन्शनसारख्या फुलांना डोके वर काढायला जागा मिळते.

लडलोची स्वारी ज्या घरावर कोसळली ते लेमानेह. किलफेनोरा आणि कोरोफिन यांच्या मधल्या रस्त्यावरून त्याची भिंत दिसते. एका टोकाला १५व्या शतकाच्या अखेरचा अरुंद, झरोक्यांचा मनोरा आहे, आणि त्याला लागूनच १६४०च्या दशकात बांधलेली, मोठमोठ्या दगडी चौकटींच्या खिडक्यांची हवेली. एकाच इमारतीत भीतीचा काळ आणि ऐटीचा काळ शेजारी उभे आहेत. ही हवेली बांधणारे जोडपे कॉनर ओ’ब्रायन आणि मॉरिया रुआ, म्हणजे तांबड्या केसांची मॉरिया. १६५१ मध्ये लडलोच्या फौजेशी झालेल्या चकमकीत कॉनर प्राणांतिक जखमी झाला. लोककथा सांगते की, सैनिकांनी त्याला दाराशी आणले तेव्हा मॉरियाने वरून ओरडून सांगितले, ‘आम्हाला येथे मेलेली माणसे नकोत.’ तो जिवंत असल्याचे कळल्यावर मात्र तिने त्याला आत घेतले आणि शेवटच्या श्वासापर्यंत त्याची सेवा केली.

कथेपुढचा भाग इतिहासाचा आहे. मुलाच्या हक्काची जमीन क्रॉमवेलवाल्यांकडून जप्त होऊ नये म्हणून तिने त्यांच्याच सैन्यातील जॉन कूपर या अधिकाऱ्याशी लग्न केले. जमीन राहिली, मुलगा डोनो पुढे सर डोनो ओ’ब्रायन म्हणून नावारूपाला आला आणि घराण्याचा संसार ड्रोमोलँडला हलला. लोकांनी मात्र मॉरियाला पंचवीस नवरे चिकटवले आणि तिला राक्षसीण करून टाकले. पुरुषाने वतन वाचवले की तो मुत्सद्दी, स्त्रीने वाचवले की ती कैदाशीण, हा न्याय बरनपुरता मर्यादित नाही. लेमानेहची दगडी कमान नंतर ड्रोमोलँडच्या बागेत नेण्यात आली, आणि एक भव्य शेकोटी एनिसच्या एका जुन्या हॉटेलात आहे; त्यामुळे लेमानेह पाहायचे तर तीन ठिकाणी जावे लागते. वाडा खाजगी शेतात आहे, तो रस्त्यावरूनच पाहावा.

प्रश्न : कॉर्कमरो मठाच्या कारागिरांना काम संपताच ठार मारले, असे तेथे सांगतात. ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडल्याच्या गोष्टीसारखेच हे वाटते. यात तथ्य किती? (एक वाचक, औरंगाबाद)

ताजमहालाच्या गोष्टीत जितके, तितकेच. अशा गोष्टी जगभर आढळतात, आणि एखादे काम पाहून लोक किती थक्क झाले याचीच ती पावती असते.

कॉर्कमरो हा सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंचा मठ १२व्या शतकाच्या अखेरीस ओ’ब्रायन राजघराण्याच्या आश्रयाने सुरू झाला. त्याचे लॅटिन नाव ‘सांक्ता मारिया दे पेत्रा फेर्तिली’ असे होते, म्हणजे सुपीक खडकाची सेंट मेरी. लडलोच्या साडेचारशे वर्षे आधी साधूंनी ते गवत पाहिले होते. पूर्वेकडच्या भागात, वेदीजवळ, दगडावर कोरलेली फुले आणि पाने इतकी नेमकी आहेत की काही वनस्पती ओळखता येतात. तेथेच कॉनर ओ’ब्रायन या राजाची झोपलेल्या अवस्थेतली प्रतिमा आहे. १२६०च्या दशकाच्या अखेरीस तो शिउडान येथील लढाईत पडला. हा कॉनर लेमानेहच्या कॉनरहून पुष्कळ आधीचा, तेव्हा नावाने फसू नये. आयर्लंडच्या गेलिक राजांच्या अशा प्रतिमा फारच थोड्या उरल्या आहेत.

गोष्टीत पाच कारागिरांना मारण्याचा हुकूम याच राजाच्या नावावर घातला आहे. मला तिचा उगम इमारतीतच दिसतो. वेदीपासून पश्चिमेकडे चालत गेलो की कोरीव काम एकाएकी संपते, भिंती साध्या होतात, खांबांची डौलदार शीर्षे पुढे येतच नाहीत. पैसा आटला, कारागीर दुसरीकडे गेले, असे मानणे सरळ आहे. पण इतके सुंदर सुरू झालेले काम असे तुटले कसे, हे शतकानुशतके पाहणाऱ्या गावकऱ्यांना त्याचे कारण हवे होते.

प्रश्न : मी वकील आहे. एका दगडी कोटात कायद्याची पाठशाळा होती, असा ओझरता उल्लेख लेखात होता. त्याविषयी अधिक सांगावे. (एक वाचक, पुणे)

त्या जागेचे नाव काहरमॅकनॉटन. ‘काहर’ म्हणजे सुक्या दगडांचा, बिनचुन्याचा गोल कोट. बाहेरून पाहिले तर गुरांचा मोठा गोठा वाटावा अशी ही जागा. पण ओ’डेव्होरेन घराणे येथे ब्रेहन कायदा शिकवत असे. ब्रेहन म्हणजे न्याय सांगणारा पंडित. हा कायदा राजाने केलेला नसून परंपरेने चालत आलेला होता आणि त्यात तुरुंग किंवा फाशीपेक्षा भरपाईवर भर होता : कोणाचे किती नुकसान झाले, त्याची समाजातली प्रतिष्ठा किती, त्यानुसार काय द्यायचे.

या घराण्यातील डोनल याने आपल्या शिष्यांसह १५६०च्या दशकात उतरवून घेतलेले कायद्याचे हस्तलिखित आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. मुख्य मजकूर गंभीर आहे, पण शिष्यांनी समासात आपापल्या दिनक्रमाविषयी बारीकसारीक नोंदी करून ठेवल्या आहेत. १७व्या शतकाच्या आरंभीचे या कुटुंबाचे एक वाटणीपत्रही उपलब्ध आहे. कोटाच्या आतले मोठे घर कोणाकडे, स्वयंपाकाचे घर कोणाकडे, हे त्यात लिहिलेले आहे. कोटाच्या मध्यभागी उभे राहून ते वाचले की गवताखालचे उंचवटे एकेक करून घरे होतात.

वकील म्हणून आपल्याला एक गोष्ट विशेष वाटेल. स्वतःहून वरच्या दर्जाच्या माणसाकडून येणे वसूल करायचे असेल तर या कायद्यात फिर्यादीने त्याच्या दाराशी उपाशी बसायचे असे. तरीही त्याने दाद दिली नाही तर त्याची पत जात असे. कलकत्त्यात गव्हर्नर जनरलच्या मंडळात कायदा सदस्य राहिलेले सर हेन्री मेन यांनी १८७५ मध्ये ही आयरिश पद्धत आणि आपल्याकडचे सावकाराने देणेकऱ्याच्या दारी ‘धरणे’ धरणे यांची तुलना केली होती. दारात धरणे धरून बसलेला माणूस म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

प्रश्न : तेथे जुन्या गढ्या भुतांच्या भीतीने कोणी पाडत नाही म्हणतात. हे खरे का? (एक वाचक, बेळगाव)

भुतांच्या नव्हे, ‘शी’ या अदृश्य लोकांच्या. ‘लिस’ किंवा ‘राह’ म्हणजे मातीचे गोल बांध; ते मुळात हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या वस्त्या आहेत, आणि आयर्लंडभर असे सुमारे ४५ हजार कोट नोंदले गेले आहेत. त्यांवर नांगर चालवला, त्यांतले झाड तोडले, तर घरावर संकट येते अशी समजूत होती. कायद्याने संरक्षण मिळण्यापूर्वी कित्येक पिढ्या याच समजुतीने ते राखले. आपल्या देवरायांचे जे झाले तेच. क्लेअरमध्येच लॅटून येथे १९९९ मध्ये नव्या महामार्गाच्या आड एक एकटे हॉथॉर्नचे झुडूप आले, तेव्हा कथाकार एडी लेनिहन यांनी ते शी लोकांचे असल्याचे जाहीरपणे सांगून त्याच्यासाठी आवाज उठवला, आणि ते झुडूप वाचले.

प्रश्न : डोंगरावरच्या ‘हिरव्या वाटा’ दुष्काळात बांधल्या गेल्या का? (एक वाचक, लातूर)

सगळ्या नाहीत. गवताने भरलेल्या, दोन्ही बाजूंनी दगडी कुसू असलेल्या या वाटांतील बऱ्याच जुन्या आहेत. गुरे नेण्याच्या, मठांना जोडणाऱ्या. पण १८४५ मध्ये बटाट्याचे पीक करप्याने गेले आणि सरकारने १८४६-४७ मध्ये मदतीची कामे काढली, तेव्हा उपाशी माणसांकडून दगड फोडून जे रस्ते करून घेतले गेले तेही या भागात आहेत. बॅलिव्हॉनवरून लिसडूनव्हार्नाकडे चढणारा, मळसूत्रासारखी वळणे घेणारा कॉर्कस्क्रू हिलचा रस्ता त्यांतलाच मानला जातो. कामावर धान्याऐवजी रोख मजुरी मिळे, आणि धान्याचा भाव त्या मजुरीच्या पुढे धावत असे. लातूरच्या वाचकाला रोजगार हमी आणि दुष्काळी कामे यांचा अर्थ ठाऊक आहे, म्हणून फरक सांगतो : तेथे त्या हिवाळ्यात कामावरच माणसे पडून मेली. १८४१ च्या जनगणनेत क्लेअरमध्ये सुमारे २ लाख ८६ हजार लोक होते, १८५१ मध्ये सुमारे २ लाख १२ हजार. बरनमध्ये चालताना छप्पर नसलेल्या घरांच्या ज्या रांगा लागतात, त्या या दोन आकड्यांच्या मधल्या आहेत.

प्रश्न : आम्ही नऊ वर्षांपासून एनिसजवळच्या एका खेड्यात राहतो. मुले तेथल्याच शाळेत आहेत. या गावाचा इतिहास मराठी माणसाने समजून घ्यायचा तर सुरुवात कोठून करावी? (एक वाचिका, क्लेअर)

या पत्राने मला फार आनंद झाला. ज्या मातीत मुले वाढतात ती आपली नाही असे मानून राहणे मुलांवर अन्याय करते, असे माझे प्रामाणिक मत आहे.

आधी आपण कोणत्या ‘टाउनलँड’मध्ये राहता ते विचारा. टाउनलँड म्हणजे शहर नव्हे. आपल्या शिवारासारखा किंवा वाडीच्या हद्दीसारखा तो जमिनीचा सर्वांत लहान नावनिशीवार तुकडा असतो. आयर्लंडमध्ये असे साठ हजारांहून अधिक आहेत. आपल्या टाउनलँडचे नाव ‘बॅली’ने सुरू होत असेल तर ती वस्ती, ‘किल’ने होत असेल तर बहुधा जुने देऊळ किंवा कधी रान, ‘काहर’ने असेल तर दगडी कोट, ‘टोबर’ने असेल तर विहीर.

मग १८४०च्या दशकातला मैलाला सहा इंच या प्रमाणाचा ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी भूमापन खात्याचा नकाशा पाहा. त्यात दुष्काळापूर्वीचे प्रत्येक घर आहे. या सर्वेक्षणाशी आपलाही एक धागा आहे : तिथल्या मोजणीसाठी थॉमस कोल्बी यांनी पितळ आणि लोखंड एकत्र जोडून, उन्हाने लांबी बदलणार नाही अशा पट्ट्या तयार केल्या होत्या, जॉर्ज एव्हरेस्ट यांनी आयर्लंडमध्ये ते काम पाहिले आणि १८३० मध्ये तशाच पट्ट्या हिंदुस्थानात आणल्या. कलकत्ता, डेहराडून आणि आपल्या शेजारचे बीदर येथील आधाररेषा त्यांनीच मोजल्या गेल्या.

नकाशावरची नावे इंग्रजी कानांनी ऐकून लिहिली जात होती, म्हणून जॉन ओ’डोनोव्हन आणि क्लेअरचेच सुपुत्र यूजीन ओ’करी हे दोन विद्वान १८३९ मध्ये या काउंटीत हिंडले, म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून नावे आयरिशमध्ये वदवून घेतली आणि त्यांच्या कथा पत्रांतून कळवत राहिले. ती पत्रे वाचण्यासारखी आहेत. मुंबई इलाख्याच्या नकाशांवर आपल्या गावांची नावे कशी वेडीवाकडी झाली हे ज्याने पाहिले आहे, त्याला या दोघांच्या कामाचे मोल लगेच कळेल.

त्यानंतर १८५५ च्या सुमारास क्लेअरमध्ये झालेली ग्रिफिथ यांची आकारणी, म्हणजे कोण कोणाची कोणती जमीन कसत होते याची यादी, आणि १९०१ व १९११ च्या जनगणनेची पत्रके. हे सर्व विनामूल्य पाहता येते. त्याआधीच्या जनगणनेची पत्रके बहुतांशी मिळणार नाहीत. १९२२ मध्ये यादवी युद्धाच्या आरंभी डब्लिनचे अभिलेखागार जळाले, त्यात बराचसा ठेवा गेला.

पण मुलांसाठी सर्वांत चांगली वस्तू वेगळीच आहे. १९३७ ते १९३९ या काळात देशभरच्या प्राथमिक शाळांतील मोठ्या वर्गांच्या मुलांना घरच्या आजी-आजोबांकडून गावच्या गोष्टी, विहिरी, औषधे, दुष्काळाच्या आठवणी ऐकून वहीत लिहून आणायला सांगितले होते. त्या वह्या जपल्या गेल्या आहेत आणि आता संगणकावर शाळेच्या नावाने उघडतात. आपली मुले ज्या शाळेत जातात तिची वही बहुधा त्यात असेल. तिच्यात गावातल्या एखाद्या शेताचे नाव सापडले, तर मुलांना घेऊन शेजारच्या आजोबांकडे जावे आणि ते शेत कोणते, ते नाव ते कसे उच्चारतात हे विचारावे. शेतांची नावे सहसा नकाशावर नसतात. उच्चार ऐकून मुलांनी तो आपल्या वहीत देवनागरीत लिहून ठेवला तर फारच उत्तम, कारण आयरिशमधले कित्येक स्वर रोमन लिपीपेक्षा आपल्या लिपीत अधिक नीट बसतात.